नवलाई

कॉलेजातल्या मॅडमचा फोन आला,
वरची खोली रिकामीच आहे तर सहा महिने ठेवून घ्याल का,
मुलगी मराठी शिकायला आलीय, बोलिव्हियाची.
मी म्हणालो, बोलिव्हिया कुठं आलं?
ह्यांनी तीस वर्षं केएमटीत तिकिटं फाडली,
सगळे थांबे तोंडपाठ.
म्हणाले, आपल्या रूटवर न्हाई.

नाव तिचं नोएलिया.
गल्लीनं आठवड्यात तिची नवलाई केली.
गाव पोतोसी. तिथं डोंगराच्या पोटात चांदी.
आजा तिचा त्या पोटात शिरायचा,
खोकत बाहेर यायचा,
शेवटी नुसता खोकलाच उरला.
म्हणून ही एसटीनं हुपरीला जायची,
पैंजणाच्या कड्या जोडणाऱ्या बायकांत बसायची
आणि त्या काय काय बोलतात ते
वहीत उतरून घ्यायची, शिव्यांसकट.

पहिल्या रात्री साडेआठला जिना उतरली,
पोटावर हात ठेवून.
आमच्यात दिवस बुडला की चूल झोपते.
एवढं सगळं सांगायचं कसं?
मी खिडकीतला अंधार दाखवला
आणि ताट पालथं घातलं.
दुसऱ्या दिवसापासनं
सहाच्या आत पाटावर हजर.

मग चातुर्मास लागला. बटाटा बंद.
तिनं मोबाइलवर तिकडचे बटाटे दाखवले,
जांभळे, काळे, बोटाएवढे,
थंडीत गोठवून, वाळवून दगड झालेले.
म्हणाली, आमच्यात हा म्हणजे तुमचा भात.
मी म्हणालो, आमच्यात हा म्हणजे
जमिनीखालचे जीव.
तिनं बराच वेळ मनात शब्द जुळवले.
"जमिनीखाली माझा आजोबा पण होता."
त्या दिवशी पुढचं
कुठल्याच भाषेत दोघींना आलं नाही.

तिच्यात टेबल बाई, दार बाई,
नदी मात्र बाप्या.
घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या तिनं,
आम्हालाही शिकवायचं म्हणून.
दारावर पुएर्ता. टेबलावर मेसा.
मिठाच्या डब्यावर साल.
ह्यांनी चष्मा लावून वाचलं,
म्हणाले, साल लिहिलंय, पण कुठलं?

एकदा पुस्तक घेऊन भांडायलाच आली.
"ह्यात बाई म्हणते मी जाते, मी येते.
तुम्ही म्हणता जातो, येतो.
शेजारच्या कुंतीनाक्का पण येतो.
चूक कोण?"
मी म्हणालो, पुस्तक पुण्याचं असंल.

पण रात्री पडल्या पडल्या जागा राहिलो.
पन्नास वर्षं झाली,
क्रियापदं बाप्याची वापरतो,
चहा मात्र अजून मीच टाकतो.

जाणाऱ्यानं जातो म्हणू नये,
हेही शिकवलं होतं तिला.
पटलं नव्हतं.
"परत येणार का माहीत नाही,
मग येतो कसं म्हणू? खोटं होईल ना, काकू."
डिसेंबरात स्टँडवर, गाडीच्या पायरीवर,
मी तिच्या तोंडाकडं बघत होतो.
"जाते," म्हणाली.
पुस्तकातलं. बिनचूक.

घरी येऊन चिठ्ठ्या काढल्या.
दाराची निघाली, टेबलाची निम्मी फाटली.
मिठाची राहू दिली,
डबा चिकट होता म्हणा.

तीन आठवड्यांनी तिचा आवाज आला फोनवर,
रेकॉर्ड करून पाठवलेला.
पोचले, थंडी आहे, वही जपून आणली,
काकांना सांगा, रूट लांबचा आहे.
मागं भांड्यांचा आवाज.
मग कुणीतरी बाई लांबून हाक मारते,
आईच असणार, हाकेवरनं कळतंय,
आणि ही, बोलता बोलता,
फोन तोंडाशी तसाच धरून,
तिला ओरडून सांगते,
"आलो, आलो!"

चारदा ऐकलं मी.
ह्यांनाही ऐकवलं.
त्या माउलीला काय कळलं असंल?